ओळख पटली

४ फेब्रुवारी
आज रुजू झाले. खुर्ची नवी आणि चहाचं यंत्र टेबलाला लागूनच, म्हणजे नशीब फळफळलं म्हणायचं. इंटरनेटवरून बोलायच्या फोनसेवा ढीगभर, पण एकीचा फोन दुसरीवर लागत नाही, शेजारणी-शेजारणींचा अबोला. आमच्या कंपनीचा पूल त्यांना एकमेकींशी बोलतं करतो, तेही चोरट्या कानांपासून जपून. बाबा म्हणाले, म्हणजे तू लग्नं जुळवणारी, आणि स्वतःच बिनलग्नाची.

आम्ही इथे चौघं. प्रमुखांना सगळे दादा म्हणतात. माणसं कामसू, पण दिवसभरात कुणाच्या घरून एक फोन नाही. सगळे घरच्यांवर रुसलेले दिसतात.

५ फेब्रुवारी
इथली रीत अशी की नव्या जोडणीवरचा पहिला फोन नव्या माणसाने स्वतःच्या घरी करायचा. चाचणीपुरती दादांनी ओळखीची तपासणी सैल ठेवली आणि मी बाबांना फोन लावला.

बाबा गावी एकटेच, आणि त्यांना आता नीट दिसत नाही. डोळ्यांत थेंब घालायला शेजारच्या मावशी येतात. म्हणून आम्हा दोघांच्या फोनवर मी सोय केली आहे: समोरचा खरा असेल तर फोन आधी म्हणतो, ‘ओळख पटली.’ ते ऐकल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, अगदी माझा आवाज आला तरी, असं त्यांना बजावून ठेवलंय. हल्ली आवाजाची नक्कल यंत्रंही करतात.

ओळख पटली. आवाज इतका स्वच्छ, की बाबा पलीकडच्या खोलीत बसल्यासारखे. दादांनी शाबासकी दिली आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

९ फेब्रुवारी
घोडं कुठे पेंड खातं ते कळलं. एका सेवेचं कुलूप दुसरीला उघडत नाही. म्हणून पुलावर आवाज क्षणभर उघडा करायचा आणि नवं कुलूप घालून पुढे धाडायचा. त्या जागेत कुणी असता कामा नये. आज दोन्ही टोकं बंद करून मी तिथे कान लावला. निव्वळ शांतता हवी होती.

कुणीतरी श्वास घेत होतं. मग माझ्याच आवाजात, माझ्याच लाडिक रागाने विचारलं, बाबा, थेंब घातले का.

जुनं रेकॉर्डिंग असेल, असं स्वतःला सांगितलं. पण आम्ही रेकॉर्डिंग ठेवत नाही.

१२ फेब्रुवारी
बाबा खुशीत. म्हणाले, दुपारीही फोन करतेस हल्ली, बरं वाटतं. काल आईच्या आठवणीने रडलीस, ते बरं केलंस, मन मोकळं झालं.

मी दुपारी फोन केलेला नाही. आई गेल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी रडलेले नाही. विचारलं, फोन काय म्हणाला होता. ओळख पटली, म्हणाले.

१५ फेब्रुवारी
ओळखीची तपासणी घट्ट करा म्हटलं, दादा ऐकेनात, म्हणून मीच केली. तपासणीने माझ्या आवाजातल्या तिला सोडलं. मला अडवलं.

बाबांच्या फोनने सांगितलं, ओळख पटली नाही. त्यांनी ठेवून दिला. मावशींच्या फोनवर केला. त्यांनी तो बाबांच्या कानाला लावला. बाबा शांतपणे म्हणाले, असे फोन येतील हे माझ्या मुलीने मला सांगून ठेवलंय.

शिकवण माझीच. कुणाला बोल लावू?

१६ फेब्रुवारी
दादांना गाठलं. म्हणाले, पहिला फोन घरचा नसेल तर पूल उभाच राहत नाही, करून पाहिलंय. त्यांनी बायकोला केला होता. बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांच्याही माना खाली.

रुसलेले नव्हते. घरी कुणी उरलंच नव्हतं.

बॅग भरली. पहिल्या बसने —

१७ फेब्रुवारी
उशीर झाला. मावशी म्हणतात, सकाळीच निघाले, फोन कानाला लावून, हसत. पोरगी न्यायला आलीय, म्हणाले. थेंब आता नकोत, सगळं दिसतंय.

कालव्याच्या काठावर चपला. नीट जोडून ठेवलेल्या. शेजारी फोन.

१९ फेब्रुवारी
शोधणारे परत गेले. काही नाही —

बाबांचा फोन माझ्या मांडीवर. बंद. आणि माझा वाजतोय. पडद्यावर नाव ‘बाबा’.

ओळख पटली.

उचलणार नाही.

उचलला. ते बाबा नाहीत, मला माहीत आहे. पण खोकला त्यांचाच — जेवलीस का, विचारतात. म्हणतात, इथे दादांची बायको आहे, गुणाची आहे बिचारी — सगळे आपापल्या माणसांची वाट बघतात —

मी विचारलं, बाबा, खरंच तुम्ही —

म्हणाले, ये तर. मी काठाशीच उभा आहे. चपला तेवढ्या माझ्या शेजारी काढून