चांगला कान कुठला?

कोचाबांबा, मंगळवार

ऑर्तेन्सियाताईस धाकट्या फाउस्तोचा वाकून नमस्कार,

गुडघे काय म्हणतात? सुक्रेच्या चढांशी भांडून ते बरे होणार नाहीत, हे मी डॉक्टर म्हणून नव्हे, भाऊ म्हणून सांगतो. (डॉक्टर म्हणून माझं काही ऐकू नकोस, का ते पुढे येईलच.) माझी तब्येत उत्तम. म्हणजे मानेखाली उत्तम.

बँडवाल्यांना बहिरेपण कसं येतं, यावर मी वीस वर्षं संशोधन करतोय हे तुला ठाऊक आहे. दर कार्निव्हलला ओरूरो गाठायचं, आवाज मोजायचं यंत्र घेऊन पितळी वाद्यांच्या आणि ढोलांच्या मधोमध चालायचं, कानात घालायचे बोळे वाटायचे आणि त्यावर भाषणही ठोकायचं. स्वतः मी ते कधी घातले नाहीत. (यंत्राकडे लक्ष राहत नाही, असं सांगायचो. खरं म्हणजे मला त्या बँडचा दणदणाट ऐकायला फार आवडतो.) लोक बहिरेपण का लपवतात, यावरही माझा निबंध आहे, त्यात अशा लोकांना मी 'हट्टी' म्हटलंय. आणि आता मेल्याहून मेल्यासारखं होऊन सांगतो, गेली तीन वर्षं मी समोरच्याचे ओठ वाचून दिवस काढतोय. ओठ दिसले नाहीत की नुसती मान हलवतो. त्यानं माणूस विचारी दिसतो. या मान हलवण्यापायी मी दोन पोरांचा धर्मपिता झालो आणि शेजारणीचा पोपट पंधरा दिवस सांभाळला.

पण ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांच्याच तोंडाला मास्क असतो, ताई.

गेल्या महिन्यात कासिमिरो नावाचे म्हातारे ढोलवाले टेबलावर होते. त्यांच्या उजव्या कानातलं चिमुकलं हाड हलेनासं झालेलं. ते काढून जागी तारेसारखा तुकडा बसवायचा होता. यात रोगी जागा असतो, फक्त कान बधिर करतात. मी कागद न बघताच (शेकडो वेळा केलेलं काम, त्यात बघायचं काय!) डावा कान पुसला, सुई उचलली आणि विचारलं, "हाच ना?" ते बरंच काही बोलले. मी मान हलवली. "छान, छान," म्हटलं. तेवढ्यात निकोलासा नर्सनं माझं मनगट धरलं आणि मास्क खाली ओढून ओरडली, "अहो डॉक्टर, 'तो माझा चांगला कान आहे' म्हणून हा माणूस तीनदा बोंबलला! बाहेरचा चौकीदार आत डोकावला!"

मी म्हणालो, यंत्रांचा आवाज फार आहे. तिनं खोलीतली यंत्रं बंद केली आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मीच विचारलं, "आता काय?" माझी शिष्या मारिसोल पुढे आली. तिनं मास्क काढला आणि सावकाश म्हणाली, "सर, निकोलासानं मागून तुम्हाला चार वेळा हाक मारली."

मी सुई खाली ठेवली. "मला ऐकू येत नाही," म्हणालो. हे वाक्य मी हजारो रोग्यांच्या तोंडून लिहून घेतलंय, पण स्वतःच्या तोंडून बाहेर पडायला तीन वर्षं लागली.

उजव्या कानाचं ऑपरेशन मारिसोलनं केलं, आणि सुरेख केलं. झाला प्रकार मी वरिष्ठांना लिहून दिला. आता माझ्या हाती सुई नाही. कासिमिरो परवा खिम्याच्या गरमागरम सालतेन्या घेऊन आले आणि माझ्या कानाशी तोंड आणून गरजले, "मी ढोल वाजवून बहिरा झालो डॉक्टर, तुम्ही तर फुकटात ऐकून झालात की हो!" सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो. पण सालतेन्या मी मारिसोलच्या हाती दिल्या.

तुझा शरमिंदा भाऊ,
फाउस्तो

ता. क. : सुक्रेत कानाची यंत्रं चांगली कोण बसवतं, ते विचारून ठेव. इथले सगळे माझेच विद्यार्थी आहेत. माझं नाव सांगू नकोस. नको, सांगच.

आणखी एक ता. क. : पत्र खरं तर यासाठी लिहिलं. ईस्टरच्या आधी तुझा फोन आला होता. तू बराच वेळ बोललीस आणि मी म्हणालो, "वा वा, अभिनंदन!" मग फोन बंद झाला, आणि तू पुन्हा केला नाहीस. ताई, तू काय सांगत होतीस ते मला अजून माहीत नाही. विचारायची लाज वाटली. जे असेल ते लिही, मी मिळेल त्या बसनं निघतो. अक्षर मोठं काढू नकोस, डोळे शाबूत आहेत.