मोटर जोर दिला की बसते, त्याबाबत

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (वरची ‘ती.’ तीर्थरूपांची आहे. खाली मात्र पुष्कळ ‘ती’ येणार आहेत, म्हणून आधीच ठरवून टाकतो: ‘ती’ म्हणजे बोटीची मोटर आणि ‘ही’ म्हणजे तुमची बहीण. मागच्या फोनवर हे ठरवायचं राहिलं, त्याचे परिणाम पुढे सांगतो.) वहिनींची कंबर कशी आहे? तुमचा खोकला? ही बरी असेलच. नसली तरी मला कोण कळवणार!

तर हिला तुमच्याकडे सोडायला निघालो, त्या दिवशीची हकिकत तुमच्या कानावर आली असणार, पण एकाच बाजूने. धक्क्यावरून सुटलो तेव्हा ती अगदी शहाण्यासारखी चालत होती. न्यूट्रलमध्ये तर असा आवाज, की ऐकत राहावं. खाडीच्या मध्यावर आल्यावर जरा वेग घ्यावा म्हणून मूठ पिळली, तर तिने भ्यँऽऽ असा सूर लावला आणि मान टाकली. मूठ सैल केली की पुन्हा सुरू, पिळली की पुन्हा बसली. ही म्हणाली, नीट बघा काय झालंय ते. आता बघायचं म्हणजे काय बघायचं? मी मोटरचं वरचं झाकण काढलं, आत पाहिलं, झाकण परत लावलं. (आत पुष्कळ वस्तू होत्या.) पण नवरा म्हणून काहीतरी निदान करणं भागच होतं, म्हणून म्हणालो की वजन जास्त झालंय. माझा रोख हिच्या ट्रंकेवर होता, अगदी शपथेवर सांगतो. बोलताना माझी नजर कुठे होती ते मला आठवत नाही, हिला पक्कं आठवतं. तेवढ्यात तुमच्या काठाकडे निघालेला एक मासेवाला जवळून चालला होता. हिने त्याला हाक मारली, ट्रंक माझ्याच हातांनी त्याच्या बोटीत ठेवून घेतली आणि गेली. जाताना वळून काहीतरी बोललीसुद्धा, पण आमची ती नेमकी तेव्हाच जोरात सुरू झाली. काय बोलली असेल, त्याचे अर्थ मी अजून लावतो आहे. शिवाय परत येताना बोटीत मी एकटा, तरी मोटर तशीच बसत बसत घरी आली. म्हणजे वजनाचा काडीचा संबंध नव्हता.

मग उपचार सुरू झाले. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले प्लग, म्हणून प्लग बदलले. गॅरेजवाला म्हणाला कार्ब्युरेटर. तो त्याने सोडवला, धुतला, बसवला आणि एक स्प्रिंग उरली ती मला जपून ठेवायला दिली. पंख्याला दोरा गुंडाळला असेल म्हणून मी स्वतः पाण्यात उतरलो. दोरा नव्हता, सर्दी मात्र मिळाली. शेवटी तुम्हाला फोन केला. मी विचारलं, जोर दिला की गप्प बसते, काय करू? तुम्ही म्हणालात, जोर देता कशाला, आधी जरा गोड बोला. मग म्हणालात, आवळून ठेवू नका हो, श्वास घेऊ द्या तिला. आणि फोन तुटला. दादा, तुम्ही मोटरींचे मिस्त्री आणि हिचे भाऊ, आणि दोघांचा आवाज एकच! मी माझ्या बुद्धीने सल्ल्याची वाटणी केली. धक्क्यावर बसून मोटरशी गोड बोललो. (पोस्टमास्तर मागे उभे राहून ऐकत होते. तेव्हापासून ते माझ्याशी फार हळुवारपणे वागतात.) आणि हिला श्वास घेता यावा म्हणून तुमच्याकडे फोन करणंच बंद केलं. मोटर काही सुधारली नाही आणि तिकडूनही कोणी बोललं नाही.

घरात तर कशाचा कशाला पत्ता नाही. उशांचे अभ्रे शोधायला कपाट उघडलं, तर आतलं सगळं अंगावर आलं, आणि ते परत आत कसं मावत होतं हे हिलाच ठाऊक. खरं सांगतो, घर खायला उठतं. फोन करावा म्हटलं तर हिनेच उचलला तर काय बोलायचं, म्हणून हे पत्र. तरी सवड काढून एकदा मोटर बघून जावी, एवढीच विनंती.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्या वयाच्या ज्या कोणी तिथे असतील त्यांना काय लिहावं ते सुचत नाही.

आपला गोंधळलेला,
भावोजी

ता. क. मोटर बघायला येण्याची गरज नाही. ती बरी झाली. पेट्रोल किती उरलंय ते पाहायला टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने हुस्स करून केवढा तरी मोठा श्वास घेतला. झाकणावरचा हवेचा स्क्रू मीच घट्ट आवळला होता, हिच्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागू नये म्हणून. आत हवा जाईना, म्हणून जोर दिला की पेट्रोल पुढे येईना. हे हिला सांगू नका. किंवा सांगा.

आणखी एक ता. क. मग सरळ येऊन हिला घेऊन का जात नाही, असं तुम्ही म्हणाल. आलो होतो, एकदा सोडून दोनदा. मूठ पुरती पिळून तुमच्या धक्क्यासमोर येतो, आणि तिथे मोटर उत्तम चालू असताना मीच बसतो. काल संध्याकाळी ही धक्क्यावर उभी होती. हिने हात वर केला. तो समोरचं ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून, की मला ‘या’ म्हणून, की ‘जा’ म्हणून, ते लांबून कळलं नाही. मीही आपला हात वर केला आणि परत आलो. तेवढं हिला विचारून कळवा. ‘या’ असेल तर फोन करा, तसाच उठून निघतो. ‘जा’ असेल तर कळवायची काही घाई नाही.