दोऱ्यांचा डबा आणि लाल झगा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बायकांचे कपडे शिवणे, पूर्ण शुद्धीत राहून आणि फक्त माझ्याच हट्टापायी हे मृत्युपत्र करते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांच्या कोटाला मी आठ खिसे शिवले आहेत, पण दाखला खरा आहे.

एक. राहते घर धाकट्या बहिणीला. "ह्या वयात पिवळं?" असे तिने मला तीस वर्षे ऐकवले, म्हणून माझे सगळे पिवळे कपडेही तिलाच. ते घालायचे आहेत. नुसते घडी करून ठेवलेस तर बघ!

दोन. शिलाई मशीन आणि कात्र्या दुकानातल्या मदतनीस बाईंना. अट एकच, खिशाशिवाय कपडा दुकानाबाहेर जाता कामा नये. आमचे हे म्हणायचे, "बायकांना खिसे कशाला?" आणि स्वतःच्या किल्ल्या जन्मभर माझ्या खिशात शोधायचे.

तीन. दोऱ्यांचा पत्र्याचा डबा. माझ्या दुकानात टेप नाही. प्रत्येक बाईची एक दोरी, तिच्यावर मापाच्या गाठी. आकडा नाही, म्हणून तुलनाही नाही. दोऱ्या जिच्या तिला परत द्याव्यात. कोणाची केवढी, ते बघत बसू नये.

हे का, तेही सांगते. बारा वर्षांपूर्वी टेप होती. बहिणीची मुलगी तेव्हा चौदाची. तिच्या कमरेचा आकडा मी भर दुकानात ओरडून सांगितला, वर "बाई गं, केवढी ही!" म्हणाले. गिऱ्हाइके हसली, मीही हसले. तेव्हापासून पोरगी बापाचे ढगळ शर्ट घालते आणि मला माप देत नाही. टेप मी त्याच संध्याकाळी कापून टाकली, पण त्याचा काय उपयोग? चूक माझी, शंभर टक्के माझी.

चार. कपाटातला लाल झगा ह्या भाचीला. नुसत्या नजरेच्या अंदाजाने शिवला आहे. आत दोन बोटे माया सोडली आहे, उसवून सैल करता येईल. बाळा, माफी मागायला तोंड उघडत नव्हते गं. एकदा घालून बघ.

पुरवणी, माझ्या हाताने. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून वरचा मसुदा भाचीलाच साफ लिहायला दिला होता. चौथे कलम लिहून ती उठली आणि कपाटाकडे गेली. मी तशीच घरातून निघून दुकानात आले. तासाभराने गिऱ्हाइकांच्या गर्दीत लाल झगा घालून ही दारात उभी!

"मावशी, कमरेत दाटतोय. उसव की!"

"अगं, हळू बोल!"

"का? तू हळू बोलली होतीस?"

सगळ्या बायका हसल्या, सगळ्यात जास्त तीच. मला रडू आवरेना. मी नवी दोरी काढली, तर तिने आपणहून दोन्ही हात वर केले.

सबब चौथे कलम रद्द. झगा हयातीतच दिला. डब्यातली सगळ्यात नवी दोरी तिची आहे, तेवढी नीट सांभाळावी.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). समोरची घड्याळवाली (सही).
ठिकाण: दुकान, कापायचे टेबल.
तारीख: एकोणीस मार्च, झगा उसवून झाल्यावर.