डाव्या पायाची जागा

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायला खरोखर काय लागलं, तो हिशेब आधी देतो. मग तुला काय बोलायचं ते बोल. डाव्या अंगठ्याचं नख गेलं. कंबर आठवडाभर रुसून बसली. एक धड शर्ट तेलात गेला. आणि तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते नुकसानात धरायचं की फायद्यात, हे अजून ठरायचंय. पैशांचं विचारू नकोस, या कामात पैसा सगळ्यात स्वस्त पडला.

हो, उतरवला. तुला न विचारता उतरवला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला तुझा शब्द मोडून उतरवावा लागला असता. त्यापेक्षा हे बरं.

कारण तुला माहीत आहे. घर विकलं, त्यात मागची शेडही गेली. महिनाअखेर सगळं रिकामं करून द्यायचंय. नव्या इमारतीत खाली गाडीला जागा आहे, पण तिथे चालती गाडीच ठेवायची, असा नियम. आणि ही तर आई गेल्यापासून जागची हललेली नाही. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून पार जळालाय. त्याचे भाग मला कुठे मिळाले नाहीत, आणि मला मिळाले नाहीत म्हणजे ते नाहीतच. तेव्हा एक तर हाताने गिअर टाकायचा साधा बॉक्स बसवायचा, नाहीतर भंगारवाल्याला हाक मारायची. साधा बॉक्स मिळालाय, त्याच गाडीचा. गंमत म्हणजे कंपनीने क्लचच्या पेडलची जागा आधीच ठेवलेली आहे. पुढच्या पत्र्यात भोक आहे, त्यावर छोटी झाकणी मारलीय. इतकी वर्षं ती आईच्या पायापुढे होती, आपल्याला पत्ता नाही.

सध्या आतलं कार्पेट उचललंय, नुसता पत्रा आहे. त्यावर कुठेतरी ठकठक होते. इंजिन बंद असताना. दोनदा, मग थांबून एकदा. सापडेल. लोकांच्या गॅरेजमध्ये रॉकेलने नटबोल्ट धुण्यापासून सुरुवात केली मी. गिऱ्हाईकं मला फोनवर इंजिन ऐकवायची आणि मी इथून रोग सांगायचो. ज्याचं मूळ मला सापडलं नाही असा आवाज अजून कुठल्या गाडीने काढलेला नाही.

वहिनी नव्या घरासाठी कपाटंसुद्धा सोडायला तयार आहे, पण जेवणाच्या टेबलाखालची ती जाडजूड चटई न्यायचीच म्हणते. रोज त्यात माझा पाय अडकतो. तू तरी समजाव.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.
तुझा,
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले आहे, आणि पत्रही धाडते आहे. म्हणजे तुझी दोन्ही कामं झाली.

दिवसभर दुकानात लोकांना चष्म्याचे नंबर काढून देते, पण माझ्या सख्ख्या भावाला समोरचं दिसत नाही त्याला मी काय करू? बाबांनी ती गाडी का शोधून आणली होती? आईचा डावा गुडघा वाकत नव्हता म्हणून. क्लच दाबायला गुडघा वाकावा लागतो. तू तिथे पेडल बसवलंस की आई त्या सीटवर पुन्हा कधी बसू शकणार नाही. हसू नकोस. ती नाही हे मलाही कळतं. पण बसता येत होतं, तोवर निराळं होतं.

आणि त्या ठकठकीबद्दल तू इतकं सहज लिहिलंस, की मी पत्र खाली ठेवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तीच ओळ दोनदा वाचायला लावली. दादा, तुला खरंच आठवत नाही? आई घरोघर इंजेक्शनं द्यायला जायची तेव्हा आपण दोघं गाडीत असायचो. फाटक बंद असलं, पत्ता सापडत नसला, किंवा एखाद्या घरात वाईट बातमी सांगायची असली, की ती डावा पाय लांब करून पंजा आपटायची. जाड तळाचा तो बूट. दोनदा, मग थांबून एकदा. तू मागे बसून तोंडाने इंजिनाचे आवाज काढण्यात दंग असायचास, म्हणून ऐकलं नसशील.

भंगारात घालू नकोस. पण पेडलही बसवू नकोस. तिसरी वाट काय ते तू शोध, एवढी तुझी हुशारी आहे ना?

चटईच्या बाबतीत मी वहिनीच्या बाजूने. तिला सांग, मी नमस्कार सांगितलाय.

मी रागावले असले तरी माया तेवढीच ठेव.
तुझी,
धाकटी


दि. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यावर मला आठवलं. सगळं आठवलं. बुटाच्या वादीसकट.

आता हसत नाही. नीट सांगतो, तू नीट वाच. आवाज पत्रा तापून निवण्याचा नाही, सकाळीही येतो आणि भर दुपारीही. उंदीर नाही, मी पीठ पसरून पाहिलं. सुटलेल्या वायरी सगळ्या बांधल्या. गाडीखाली निजून राहिलो, काही नाही. पत्र्याला कान लावून बसलो, काही नाही. सीटवर बसलो, समोर बघत पुढच्या कामाचा विचार करत राहिलो, की येतो. कान दिला की थांबतो. मी ऐकतोय हे त्याला कळतं, धाकटे.

माझ्या डोक्यातलं आहे म्हणशील, तर ऐक. मंगळवारी वेल्डरला बोलावलं होतं. नवा बॉक्स लांबीला वेगळा, म्हणून त्याच्या खालची आडवी पट्टी मागे सरकवून जोडायची होती. तो खाली होता, मी वर सीटवर बसून गिअरची दांडी मधोमध धरून ठेवली होती. त्याने खालून विचारलं, की साहेब, वर कोण ठोकतंय? मी म्हणालो, कोणी नाही, मी एकटाच आहे आणि माझे दोन्ही हात दांडीवर आहेत. तो बाहेर आला, माझ्या हातांकडे बघितलं, गाडीला हात जोडले आणि सामान उचलून गेला. पट्टी अर्धीच जोडलेली आहे. फोन उचलत नाही.

तेव्हापासून काम बंद. बॉक्स जॅकवर टेकवलेला, पेडल बाकावर. मी रोज दुपारी जाऊन सीटवर बसतो. भीती वाटते असं नाही. पण बसलं की उठवत नाही. फाटक बंद असलं की वाजायचं, असं तू लिहिलंस. मग आता कशासाठी वाजतंय? आता काय तिला कोणाला वाईट सांगायचंय? एवढंच डोक्यात फिरत राहतं. वहिनी म्हणते जेवायला चला, मी ऐकत नाही.

तू ये. तू सोबत ऐक आणि सांग. तिला हे नको असेल तर मी पुढे हात लावणार नाही. भंगारवाल्याला महिनाअखेर यायला सांगून ठेवलंय. तिच्या पायाखालची जागा काढून घेण्यापेक्षा गाडी गेलेली परवडली.

उत्तर नको, तूच ये.
दादा


दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर भंगारवाल्याला थोपव, आणि जेव. मी येईन तेव्हा तू मला दिसायला हवास, नुसता हाडांचा सापळा नको.

धाकटी


दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी बाहेर आली. स्वतःच्या चाकांवर.

रविवारी तू माझ्या शेजारी बसलीस, तो अर्धा तास माझ्या मनातून जात नाही. आधी काहीच नव्हतं, आणि मला वाटलं आता तू मला वेडा ठरवणार. मग आला. दोनदा, थांबून एकदा. तू खाली बघितलंस, तुझे डोळे भरले, आणि कितीतरी वेळ तू हललीसुद्धा नाहीस. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, की आईची हरकत नाही, क्लच बसव. आणि चष्मा पुसत वहिनीकडे आत निघून गेलीस. का ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तू ऐकलंस, मला एवढं पुरे होतं.

दुसरा वेल्डर आणला. बॉक्स चढवला. झाकणी काढून पेडल बसवलं. आईचं ब्रेकचं पेडल रुंद होतं, ते काढून अरुंद टाकावं लागलं. जुनं तुझ्यासाठी गुंडाळून ठेवलंय, त्याचं रबर उजव्या कडेला झिजलंय, तिचा पाय तिथेच पडायचा. पहिला गिअर असा पडला जणू तो बॉक्स जन्मापासून तिथेच होता. वहिनी फाटकात उभी राहून बघत होती, तिने चक्क टाळी वाजवली.

आणि आवाज गेला.

डाव्या पायाखाली पेडल आलं त्या दिवसापासून एकदाही नाही. नव्या जागी खाली जाऊन बसतो, पाय क्लचवर ठेवतो, वाट बघतो. काही नाही. गाडी एवढी गप्प कधीच नव्हती. धाकटे, मी आईला गाडीतून उतरवलं का? तू हरकत नाही म्हणालीस, पण कदाचित ती तुला दुखवू नये म्हणून उठून गेली. उद्या पेडल काढून झाकणी परत मारावी असं मनात घाटतंय. गाडी मग चालणार नाही, इथून काढायला लावतील. लावू देत.

तुझं मत कळव. तोवर हात लावत नाही.
दादा


दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पान्याला हात लावू नकोस. पेडल राहू दे. सांगायचं नाही असं ठरवून परत आले होते, पण आता न सांगणं बरं नाही.

तू मला ऐकायला बोलावलंस. माझा धंदा बघण्याचा. आवाज आला तेव्हा तू समोरच्या काचेतून बाहेर बघत होतास, आणि मी खाली बघितलं. तुझा डावा पाय लांब झालेला होता. गुडघा ताठ, अगदी न वाकणारा असावा तसा. आणि बुटाचा पंजा पत्र्यावर पडत होता. दोनदा. थांबून, एकदा. तुला पत्ताच नव्हता. कान दिलास की तू सगळा आवळून बसायचास, म्हणून तो थांबायचा. वेल्डर बिचारा तुझे हात बघत बसला.

दादा, तो पाय तुझा होता. पण पत्र्यावर पडत होता तो तिचाच. चेहरासुद्धा तिचा होता, बंद फाटकासमोरचा. म्हणून मी बोलले नाही. मला आणखी थोडा वेळ बघायचं होतं, एवढा स्वार्थ मला माफ कर.

आत जाऊन वहिनीला विचारलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, लग्नापासून जेवताना टेबलाखाली हेच चाललंय. सांगितलं असतं तर तू जेवताना पाय सांभाळत बसला असतास, म्हणून तिने सांगितलं नाही. नुसती एक जाड चटई आणून टाकली.

तेव्हा आई उतरलेली नाही. त्या पायाला काम लागलं, म्हणून गप्प आहे. रविवारी मला फिरायला घेऊन चल. मागच्या सीटवर बसेन मी, आणि इंजिनाचे आवाज तोंडाने काढायची पाळी या वेळी माझी.

वहिनीला नमस्कार. चटई हवी तिथे अंथरू दे. आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे, त्यात काही बदलून बसवू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. शेडमध्ये घालायचास ते तुझे बूट उलटे करून बघ. डाव्याच बुटाचा तळ पुढून झिजलाय.