खाणीचं गाऱ्हाणं

बाबा, काल देवळात गाऱ्हाणं मी घातलं. तुमच्यानंतर इतकी वर्षं दादा घालत होता, पण घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज उमटत नाही, आणि मान आपल्या घराचा, म्हणून गावकऱ्यांनी मला पुढे केलं. गावाच्या वतीने एकाने देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच तर काम. तुम्ही ते करायचात तेव्हा मी तुमच्या धोतराला चिकटून उभा असायचो आणि मला वाटायचं, देव तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. काल मात्र गावाच्या वतीने मला जे बोलावं लागलं ते माझ्याच विरुद्ध होतं.

तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. मी तलाठी झालो ते तुम्ही पाहिलं नाहीत. स्वतःच्या गावात नेमणूक देत नाहीत, पण इथला तलाठी रजेवर गेला, चार दिवस बघा म्हणून जादा कार्यभार माझ्या गळ्यात पडला, तो अजून तिथेच आहे. आपल्या सड्याच्या उघड्या कातळाखाली काळ्या दगडाची खाण सुरू झालीय. सुरुंग लावून दगड फोडतात, क्रशरमध्ये त्याची खडी होते आणि डंपर भरभरून कणकवलीकडे जातात. खाणीला लागूनच काकीचं घर. तीच काकी, आई आजारी होती तेव्हा जिच्या चुलीपुढे मी कितीतरी दिवस जेवलो. अजून दिसतं मला. ती भाजलेल्या सुक्या बांगड्याचा काटा काढून तुकडा माझ्या पेजेत टाकते, आणि तुम्ही दारातूनच विचारता, त्रास देतो काय म्हणून. आता त्या चुलीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय, बावीचं पाणी गढूळ येतं आणि कलमांच्या मोहोरावर पिठासारखी धूळ बसते. यंदा तिच्या आंब्यांना फळ धरलं नाही. तिने आणि आजूबाजूच्या घरांनी तालुक्याला तक्रार केली, जिल्ह्याला केली, कोणा भाच्याकडून ऑनलाइनही केली. त्या सगळ्या तक्रारी फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतात.

मग मी स्थळपाहणीला जातो. जाण्याआधी खाणवाल्याला कळवायचं, अशी आमची पद्धत. पोचतो तेव्हा रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं असतं, क्रशर दुरुस्तीसाठी बंद असतो आणि पक्षी ऐकू येत असतात. खाणवाला माणूस वाईट नाही, हे तर आणखीच अवघड. खुर्ची पुसून देतो, चहा मागवतो, आणि मी चहा घेत नाही तर त्याचा चेहरा खरोखर पडतो. मी टेप धरून अंतर मोजतो, परवान्याशी ताडून बघतो आणि दिसलं ते लिहितो : पाहणीवेळी धूळ आढळली नाही. त्यात खोटं एक अक्षर नसतं. काकी वयीच्या कुंपणापलीकडून बघत असते. गेल्या खेपेला ती अगदी शांतपणे म्हणाली, “तुका दिसना नाय रे, पण माका ता रोज गिळूचा लागता.”

एकदा मी न कळवता गेलो. तिच्या घरापुढच्या खळ्यात उभा होतो, तेवढ्यात सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलली, कौलं खडखडली, आणि मी ते सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. साहेबांनी अहवाल परत केला. पंचांच्या सह्या कुठे आहेत म्हणाले. पंच आणू कुठून? ज्यांची मुलं डंपरवर आहेत ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत, आणि त्यांना तरी कुठल्या तोंडाने दोष देऊ. साहेब म्हणाले, रीतसर पाहणीत दिसेल तेवढंच लिहा. त्या दिवशी मला तुमची आठवण झाली आणि रागही आला, तुमचाच. लहानपणी मी अंगणात तुमची नक्कल करत लुटुपुटूचं गाऱ्हाणं घालत होतो, शेजाऱ्यांनी आपले फणस चोरले म्हणून. तुम्ही कान धरून म्हणालात, “जा आपल्या डोळ्यांनी बघूक नाय, ता देवाफुडे बोलूचा नाय.” ते मी पाळलं, नोकरीतही पाळलं, आणि आता त्यानेच मला असं जखडून टाकलंय की हात हलवता येत नाही. डोळ्यांनी बघितलेलं लिहू देत नाहीत, आणि जे लिहितो तेही डोळ्यांनी बघितलेलंच असतं. तुम्ही काय केलं असतंत? मी खरंच विचारतोय.

काल पावसापाण्याचं, गुरांचं, मुंबईला असलेल्या पोराबाळांचं नेहमीचं सगळं बोलून झालं, आणि खांबाजवळून काकी म्हणाली, माझंही घाल. बाईमाणसाने मध्ये बोलायची रीत नाही, पण तिला कोणी गप्प केलं नाही. काय बोलायचं तेही तिनेच सांगितलं. खाणवाला उजव्या बाजूला हात जोडून उभा होता. मी नारळ देवापुढे धरला. मग मी बोललो, “आणि बा देवा म्हाराजा, सरकारचो जो मानूस खाणीर येता, बघता आणि लिवन जाता, तेका खरा काय ता दिसू दे, आणि ता लिवची बुद्धी दी रे म्हाराजा.” सगळा गाव म्हणाला, होय म्हाराजा. खाणवालाही म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

बाहेर पडताना काकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, “बापाशीसारखो बोललंस.” मला तिच्याकडे बघवेना. आज सकाळी क्रशरचा आवाज होताच. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहणी आहे आणि खाणवाल्याला तसं कळवूनही झालंय.

हे लिहिलेलं कुठे ठेवावं ते ठरत नाही. घरी ठेवलं तर बायको वाचेल, ऑफिसात ठेवलं तर कोणीतरी त्यावर आवक क्रमांक टाकेल. बहुतेक आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत जाईल. पण त्याआधी तुम्हाला एक सांगून टाकतो. गाव होय म्हाराजा म्हणत होता ना, तेव्हा मी मनातल्या मनात देवाकडे वेगळंच मागत होतो. काकीची बाव नाही, भिंत नाही, आंबे नाहीत. म्हणत होतो, माझी इथून बदली कर.