दिल्याच्या कॅसेटमधलं उलथणं

बोरीवली, १४ मार्च १९८६

कॅसेटवाल्या दिल्याने माझी कॅसेट बाजारात आणली, आणि कव्हरवर नाव स्वतःचं! तानपुऱ्याच्या तारांवर उलथणं घासून मी एकट्याने वाजवलेलं सगळं. मोजक्या प्रती मित्रांना दिल्या होत्या, त्यातलीच एक याने ढापली.

आज दुकानात गेलो तर हसत म्हणतो, "सुध्या, तुझं आहे याला पुरावा काय रे?"

तिथेच सांगायला हवं होतं का? नाही, गप्प बसलो तेच बरं.

साल्याने दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकलेलीच नाही. तिथे माझी आई ओरडते, "सुध्या, आधी माझं उलथणं दे!"

रविवारी हॉलमध्ये तो अख्खी कॅसेट लोकांना ऐकवणार आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. आईलाही नेणार. आणि उलथणंही.