दिवाळीतला दातांचा बंदोबस्त

आश्विन वद्य द्वादशी, शके १७०७. नारायण पेठ, पुणे.

आजपासून घरातल्या सगळ्यांचे दात माझ्या ताब्यात. दिवाळी आली. फराळाचे डबे भरले, पण कुटुंबाला किंवा सात वर्षांच्या लेकीला, आनंदीला, पुढचा विचार म्हणून नाही. गोडाने दाताला कीड लागते. घरात एवढं कळणारं कुणी तरी हवं.

माझ्या दातांची काळजी नाही. लोखंड आहेत. कार्तिकी एकादशीपासून हिंदुराव सरदारांच्या वाड्यात पुराण सांगायचं आहे, पहिल्यांदाच. जम बसला तर दर वर्षीचं धान्य तिथून. आजवर हे काम श्रीनिवासभटांकडे होतं. त्यांचे पुढचे दात गेले, शब्दांऐवजी वारा यायला लागला, आणि काम माझ्याकडे आलं. वाईट वाटलं. आनंदही झाला. खोटं कशाला लिहू?

हुकूम: खाल्लं की बाभळीचं दातवण. फराळाच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला. कुटुंब म्हणालं, कुंपणानेच शेत खाल्लं तर? मी किल्लीची गाठ आवळली.

वद्य त्रयोदशी, दुपार.

शेवेच्या लाडवांचा पाक पुढे गेला. दगड झालेत. कुटुंबाने वेगळे ठेवले आणि कुणी चावायचे नाहीत म्हणून बजावलं. पण किती कडक, हे पाहायला नको? घरच्यांच्या दातांचा प्रश्न आहे. एक तपासला. एकावरून सगळ्यांची परीक्षा करणं बरं नव्हे, म्हणून आणखी तीन.

कडक आहेत.

संध्याकाळी वरचा पुढचा दात हलल्यासारखा वाटला. नीट पाहिलं. दात पक्का आहे, हिरडी हलते आहे.

वद्य चतुर्दशी, पहाट.

अभ्यंगस्नान. कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडून जिभेला लावायची रीतच आहे. मला सुचलं, कडूने कीड मरते, तर नुसतं जिभेला का? सगळ्यांनी दातांवर खसाखसा चोळावं. आनंदी रडायला लागली. कुटुंब तिला घेऊन आत गेलं. मी एकट्याने चोळलं. पायाखालचं फळ, त्यात खडा होता. कळ मस्तकात गेली. औषध लागू पडतंय.

तोंडाची चव घालवायला चार करंज्या.

अमावास्या, सकाळ.

घोटाळा. दातवणं घेऊन सगळ्यांना उभं केलं, तर कुटुंब म्हणालं, अहो, आज अमावास्या, दातवण निषिद्ध. बारा चुळा भरायच्या. उद्या प्रतिपदा, उद्याही तेच. लोकांना पुराण सांगता ना आपण?

पोथी काढून पाहिली. तिचंच खरं. ऐन लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दातवण नाही! शास्त्रकारांच्या घरी फराळ होत नसावा.

मग विचार केला. बारा चुळा म्हणजे एक दातवण. चोवीस म्हणजे दोन. छत्तीस भरल्या. उद्याचं आजच उरकलं, वर थोडं जास्तच. आनंदी मोजत होती. संध्याकाळी अनारसे, बत्तासे, शेवेचे दोन लाडू. निर्धास्त खाल्ले.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा.

कुटुंबाने ओवाळलं. तोंडात लवंग होती, हसता आलं नाही. ती नाराज झाली असावी.

दुपारी तपासणी केली. आनंदीचे उत्तम. कुटुंबाचे उत्तम. आता आपले दाखवा, असं कुटुंब म्हणालं. मी सांगितलं, घरच्या कर्त्याची तपासणी होत नसते.

हिरडी आज जास्त हलते आहे.

शुद्ध द्वितीया, दुपार.

पडला. शेवेच्या लाडवात रुतून राहिला. कुटुंब दारात उभं होतं. मला वाटलं आता बोलणार, पण ती एवढंच म्हणाली, एकादशीला नऊच दिवस राहिले. भीती वाटली, खरीखुरी. जेवण गेलं नाही.

शुद्ध पंचमी.

बजरंग न्हाव्याकडे गेलो. पेठेतले दात तोच काढतो. माझा पाहून म्हणाला, म्हाराज, आमचं काम काढायचं, लावायचं न्हाई.

अडाणी माणूस.

शुद्ध नवमी.

मेण! दात मेणाने बसवला. पाण्यात पाहिलं, अगदी पूर्वीसारखा. दहा श्लोक मोठ्याने म्हणून पाहिले. दहाव्यालाच पडला, म्हणजे नऊ निर्धोक. दर नऊ श्लोकांनी पाणी प्यायच्या निमित्ताने दाबून घ्यायचा. कुटुंब म्हणालं, सरदारांना आधीच सांगून टाका, समजून घेतील. बायकांना व्यवहार कळत नाही.

शुद्ध एकादशी, संध्याकाळ.

चौक भरला होता. दोन्ही बाजूंना समया, तोंडावर धग. मंगलाचरण फार छान झालं. तिसऱ्या श्लोकाला आवाज चढवला आणि दात पोथीवर पडला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हिंदुराव स्वतः उठून आले, दात उचलून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, बुवा, उपास हाय आज, दमला असाल. घरी जाऊन पडा.

उद्या या, असं म्हणाले नाहीत. वाटेत मी पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. तसं म्हणालेच नाहीत.

शुद्ध द्वादशी, सकाळ.

वाड्यातून माणूस शालजोडी घेऊन आला. सरदारांनी मान केलाय म्हणाला. पोथी आता दुसरे कुणी वाचतील, असंही.

घरातल्या बाकी सगळ्यांचे दात शाबूत आहेत. ज्यासाठी एवढं केलं, ते तर साधलं.

आनंदीला शाल फार आवडली, पांघरून बसली आहे. कुटुंबाने विचारलं, आता वर्षभर खायचं काय? मी म्हटलं, विचार करतो. ती कणगीत तांदूळ किती उरलेत ते बघायला उठली.